टोपीबाहेर राहिलेली तार

आमच्या शेजारचा माणूस हल्ली जिन्यात भेटला की भिंतीकडे तोंड करून वर चढतो. खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं, त्याची मान धरली आहे. समोरच्या आजींनी तर शेकायची पिशवी पाठवून दिली, आणि त्याने ती मुकाट्याने घेतली. मान-बिन काही धरलेली नाही. तो लाजलेला आहे. लेकीचं लग्न करून मोकळा झालेला, केस पिकलेला गृहस्थ लाजतो तेव्हा कसा दिसतो, हे लोकांनी कधी पाहिलेलं नसतं, म्हणून त्यांना आजार वाटतो. खरी गोष्ट मला माहीत आहे. आणि मला माहीत असलेली गोष्ट फार दिवस माझ्या एकट्याकडे राहिली, असं अजून तरी झालेलं नाही.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात. मी भांडारात, म्हणजे नट-बोल्टांपासून हातमोज्यांपर्यंत जे कोणाला हवं असतं ते ‘संपलंय’ असं सांगायच्या कामावर. तो चाचणी खोलीत. कारखान्यात विमानातल्या यंत्रांसाठी उच्च दाबाच्या विजेच्या कॉइली तयार होतात. तांब्याची तार गुंडाळायची, ती साच्यात ठेवायची, वरून राळ ओतायची आणि भट्टीत घट्ट करायची. राळ म्हणजे त्या तारेचं अंगावरचं पांघरूण. पांघरुणाला कुठे भोक नाही ना, आत कुठे बुडबुडा राहिला नाही ना, हे पाहणं त्याचं काम.

त्याने मला हे इतक्या वेळा समजावलं आहे की आता मीच त्याला समजावू शकेन. ठिणगी एका तारेवरून दुसरीवर सरळ उडाली, तर मोठा आवाज होतो, धूर निघतो, साहेब धावत येतात. ती सोपी. अवघड असते ती अर्धवट ठिणगी. राळेत टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा राहिला, तर वीज त्या बुडबुड्यातल्या बुडबुड्यात चरचरते. पलीकडे पोचत नाही. आवाज नाही, धूर नाही. कॉइल आपलं काम करत राहते, आणि आतून पांघरूण झिजत जातं. एक दिवस भसकन फाटतं. मी म्हणालो, “म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा संसार.” तो हसला नाही. कामाच्या बाबतीत तो हसत नाही.

विमानाची गोष्ट आणखी वेगळी. वर हवा विरळ असते. दाट हवा विजेला बऱ्यापैकी अडवून धरते. विरळ झाली की ठिणगीला मोकळं रान मिळतं. (अगदी पार काढून टाकली की पुन्हा अडवते म्हणे, पण विमानं तितकी वर जात नाहीत आणि आपल्यालाही जायचं नाही.) म्हणून त्याच्या खोलीत एक पोलादी टाकी आहे, बाजूला काचेची छोटी गोल खिडकी. कॉइल टाकीत ठेवायची, झाकण लावायचं, पंपाने हवा ओढायची, मग हळूहळू विजेचा दाब चढवायचा. समोरच्या पडद्यावर विजेची लाट दिसते. ठिणगी उठली की लाटेवर काटे उगवतात. किती दाबाला उगवले, उतरवताना किती दाबाला विझले, काटा केवढा, हे सगळं तो मोजतो. मोजमाप खरं आहे की नाही हे बघायला आधी स्वतःच एक ओळखीचा, ठरलेल्या मापाचा बारीक धक्का यंत्राला देतो. यंत्र बरोबर उत्तर देतं का ते पाहतो, मगच कॉइलीकडे वळतो. असा काटेकोर माणूस. घरात बायकोने चहात साखर किती घातली हेही तो चमच्यावरून नजरेने मोजतो, आणि वहिनी मुद्दाम पाठ करून साखर घालतात.

आता विहीणबाईंकडे येतो. त्यांच्याशिवाय ही गोष्ट म्हणजे वीज नसलेली तार.

त्याची मुलगी ज्या घरात दिली, त्या घरच्या सासूबाई आमच्याच कारखान्यात. ओतकाम खात्याच्या प्रमुख. नवरा लवकर गेला, मुलाला एकटीने वाढवलं, आणि राळ ओतण्यात तर त्यांच्यासारखा हात दुसरा नाही. राळ कालवताना त्यात हवा शिरते. तीही पंपाने ओढून काढावी लागते, नाहीतर बुडबुडे राहतात. त्या भांड्यावर वाकून बाई राळेचा फेस बसेपर्यंत अशा उभ्या राहायच्या, जशी चुलीवरच्या दुधावर डोळा ठेवणारी गृहिणी. फक्त दूध उतू जाऊ नये म्हणून नव्हे, पूर्ण शांत व्हावं म्हणून. जीभ मात्र त्यांची कधी शांत झालेली मी पाहिली नाही.

सोयरीक पक्की झाली, त्या दिवशी दोन्ही घरं शेजाऱ्याच्याच खोलीत बसली होती. मी अर्थातच दारात. मुलाकडच्या कुणा मावशीने विचारलं, “मुलीचे वडील काय करतात?” हा उत्तर जुळवत होता. उच्च दाब, विरळ हवा, आंशिक विसर्जन, असं काहीतरी भारदस्त ओठांवर येतच होतं, तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, “काही नाही हो, हवा काढतात.”

खोली फुटली हसून. मावशींच्या हातातली कपबशी हिंदकळली. तोही हसला, सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात जास्त वेळ. मी तर ते दुसऱ्याच दिवशी कारखान्यात पोचवलं. आठवडा उलटायच्या आत त्याचं नाव ‘हवाकाढे’ पडलं. फाटकावरचा पहारेकरीही म्हणायचा, “काय हवाकाढे, आज लवकर?” खरं पाहता बाईही दिवसभर राळेतून हवाच काढत होत्या. पण मुलीच्या बापाने मुलाच्या आईला हे ऐकवायचं कसं? मुलगी त्या घरात नांदणार. तो गप्प बसला. गप्प बसलेल्या माणसाच्या आत काय चरचरतं, हे दाखवणारा पडदा अजून निघालेला नाही.

आणि मग एके दिवशी विहीणबाईंच्या हातच्या कॉइली नापास झाल्या.

नवीन नमुन्याच्या कॉइली होत्या, गिऱ्हाईक मोठं, साहेबांचं सगळं लक्ष तिकडे. भर हवेत, म्हणजे टाकीतली हवा न काढता, त्या अगदी स्वच्छ होत्या. हवा ओढली, दाब चढवला, आणि पडद्यावर काटेच काटे. पहिली कॉइल तशी, दुसरी तशी, तिसरीही तशीच. त्याने कागदावर लिहिलं : राळेत बुडबुडा किंवा वरच्या थराला बारीक चीर, नापास.

त्या दुपारी तो भांडारात आला. काय हवंय म्हटलं, तर काहीच नको होतं.

“तिच्या कॉइली गेल्या,” तो म्हणाला.

“कोणाच्या?”

“अरे, कोणाच्या म्हणजे? ओतकामवाल्यांच्या.”

विहीणबाई म्हणाला नाही. तोंड अगदी दुखवट्याचं होतं, पण माणूस काही लपवू शकला तरी टाच लपवू शकत नाही. तो टाचा उचलत होता, खाली टेकवत होता, पुन्हा उचलत होता. संध्याकाळी जिना चढताना शीळ घालत होता. वहिनींनी दार उघडून विचारलं, “गळा बरा आहे ना?” कारण त्या घरात शीळ घातल्याची नोंद नव्हती.

साहेबांनी बाईंना बोलावलं. आत काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. दार जाड आहे. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. दुसऱ्या दिवसापासून त्या बांधणी खात्यात, तयार मालाच्या खोक्यांवर चिकटपट्ट्या मारायला. ओतकामावर त्यांच्याच हाताखालची बाई बसली. नापास कॉइली पुन्हा भट्टीत टाकायच्या ठरल्या. जास्त शेकल्या तर कदाचित चीर मिटेल, एवढीच आशा.

कारखान्यात कुजबूज तर होणारच. “नजर कमी झाली असेल.” “घाई केली असेल, फेस बसायच्या आत ओतलं असेल.” “सून आल्यापासून लक्ष घरात.” यातलं शेवटचं वाक्य मी बोललो असेन असं वहिनींचं मत आहे. मी तसं म्हटल्याचं मला आठवत नाही, पण वाक्य चांगलं आहे.

पुढचं मला त्यानेच सांगितलं, सांगताना माझ्याकडे न बघता.

चाचणी खोलीत एक ठेवणीतली कॉइल असते. ती कधीच चुकत नाही, पूर्वी कितीदा तरी तपासलेली. यंत्रावर शंका आली की ती टाकीत घालायची. ती गप्प राहिली तर यंत्र ठीक. दुसऱ्याच एका कामासाठी त्याने ती टाकीत घातली, हवा ओढली, दाब चढवला. पडद्यावर काटे. तेच काटे, त्याच जागी, त्याच तोऱ्यात.

त्याने दाब उतरवला. परत चढवला. काटे परत.

मग त्याने कॉइलच बाहेर काढली. टाकीत फक्त त्याची स्वतःची जोडतार राहिली, बाहेरची वीज आतल्या कॉइलीपर्यंत नेणारी. झाकण लावलं, हवा ओढली. खोलीतले दिवे बंद केले, खिडकीला काळं फडकं लावलं, आणि त्या छोट्या गोल काचेला डोळा लावून अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबला. मग हात लांब करून दाब चढवला.

जोडतारेच्या टोकाला एक जांभळा झुपका पेटला. कापसाच्या बोंडासारखा मऊ, फिकट. खरं सांगायचं तर सुंदर, असं तो म्हणाला.

झालं असं होतं. जोडतार जुनी झाली होती म्हणून त्याने स्वतः नवी केली होती. तार अनेक बारीक तांब्याच्या धाग्यांची असते. टोकाला ते सगळे धागे एका गुळगुळीत गोल टोपीत बसवायचे, कारण वीज टोकदार गोष्टीवरून लगेच उडते आणि गोल गोष्टीवरून नाही. एक धागा टोपीबाहेर राहिला होता. केसाएवढा. चष्मा खिशात होता, नाकावर नव्हता. भर हवेत तो धागा काही बोलला नाही. हवा विरळ झाल्यावर बोलायला लागला.

नियम असा, की नवीन जोडतार लावली की आधी रिकामी टाकी तपासायची, आणि तीही तितकीच हवा काढून, जितकी कॉइलीला काढायची. हा नियम कारखान्यात कोणी आणला? त्यानेच. त्या दिवशी पंप रडत होता, जेवायची वेळ झाली होती. त्याने रिकामी टाकी भर हवेतच तपासली, ‘स्वच्छ’ म्हणाला आणि पुढे गेला.

“बरं, चुकलं,” मी म्हणालो. “माणूस आहे.”

“ते नाही रे.” त्याने कपाळ चोळलं. “राळेत कोंडलेला बुडबुडा बाहेरची हवा काढली की नाही हे ओळखत नाही. तो भर हवेतही तितकाच चरचरणार. फक्त हवा काढल्यावरच काटे येत असतील, तर आधी बाहेरची उघडी टोकं बघायची. हे मी दर नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. आणि काटेही लाटेच्या एकाच अंगाला गर्दी करून होते. बुडबुड्याचे दोन्ही अंगांना उठतात. मला ते दिसत होतं. दिसत होतं, आणि मी म्हटलं, असेल एखादी चीर वरपर्यंत फुटलेली.”

“मग असं म्हटलंस कशाला?”

तो भिंतीचा पोपडा नखाने खरवडू लागला. मी वाट बघितली. हे मला जमतं.

“बरं वाटत होतं,” तो म्हणाला.

यावर मी चेष्टा करायला तोंड उघडलं होतं. उघडंच राहिलं.

आता ऐका, लाजेची खरी गोष्ट इथून पुढे आहे. त्याने तो धागा कापला? नाही. जोडतार तशीच्या तशी काढून कपाटात ठेवली, नवी केली, या वेळी चष्मा लावून. तोवर बाईंच्या कॉइली भट्टीतून परत आल्या होत्या. त्याने त्या तपासल्या. सगळ्या स्वच्छ. असणारच, त्या पहिल्या दिवसापासून स्वच्छ होत्या. त्याने लिहिलं : पुनर्चाचणी, पास. सगळे म्हणाले, भट्टीने तारलं. साहेबांनी भट्टीवाल्याच्या पाठीवर थाप मारली. भट्टीवाल्यालाही कळेना आपण काय केलं, पण थाप कोण नाकारतो?

एक शब्दही खोटा बोलावा लागला नाही. गप्प बसला की झालं. माल गेला, गिऱ्हाईक खूश, आणि दोष कायमचा विहीणबाईंच्या हातांवर. कोणी काही विचारलं नाही आणि कोणी विचारणारही नव्हतं.

तो झिजायला लागला. जेवताना दोनदा वाढून घेणारा माणूस ताटाला हात लावून उठायचा. लेक माहेरी आली की हा स्वयंपाकघरात काहीतरी शोधत बसायचा. लेक म्हणाली, “सासूबाई घरात काही बोलतच नाहीत. परवा भाजी खारट झाली, तरी बोलल्या नाहीत. मला भीती वाटते, आई.” वहिनी म्हणाल्या, “अगं, बोलत नाहीत तर सुख मान.” पण त्या स्वतःही हसल्या नाहीत.

आणि एका रविवारी विहीणबाईच घरी आल्या.

मी गॅलरीत होतो. आमची गॅलरी आणि त्यांची गॅलरी एकच, मध्ये फक्त एक लाकडी फळी. बाई नेहमी दारातूनच बोलत आत यायच्या. त्या दिवशी चपला जोडून ठेवल्या, बसल्या, पाणी घेतलं.

“व्याही,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला एक विचारायचं होतं. रागावू नका.”

“छे छे, बोला ना.”

“तुम्ही एवढ्या कॉइली बघता. मला सांगा, माझं कुठे चुकत असेल? मी रात्रंदिवस तेच आठवते. फेस बसला होता, मी बघितला होता. मग वाटतं, बघितला होता की नेहमी बघते म्हणून बघितल्यासारखं वाटतंय?” त्यांनी दोन्ही हात पुढे केले, तळवे वर. “थरथरतात का हो? मला तर दिसत नाही. सुनेला विचारलं, ती नाही म्हणते, पण ती नाहीच म्हणणार. तुमची नजर मोजणाऱ्याची. तुम्ही बघून सांगा.”

मी फळीच्या फटीतून बघत होतो. (फट मी केलेली नाही, पण बुजवलेलीही नाही.) त्या बाईंचे हात अगदी स्थिर होते.

त्याने त्या हातांकडे बघितलं. कान लाल झाले. “नाही,” तो म्हणाला. “थरथरत नाहीत. बसा, मी आलोच,” आणि उठून गॅलरीत आला, आणि फळीपाशी माझ्यासमोर उभा राहिला. मला हटायला वेळच मिळाला नाही. तेव्हाच त्याने मला ते सगळं सांगितलं, जे मी वर लिहिलं. हळू आवाजात, भिंतीकडे तोंड करून. मागे वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या, आम्हाला कळलं नाही.

“झालं सांगून?” वहिनी म्हणाल्या.

तो वळला.

“भाऊजींना सांगून काय उपयोग? ते उद्या सगळ्या गावाला सांगतील, पण त्यांना नाही सांगणार.” त्यांनी आतल्या खोलीकडे हात केला. “तिथे बसल्यात त्या. हात पुढे करून.”

तो आत गेला. मी आणि वहिनी गॅलरीतच राहिलो. काय बोलला ते ऐकू आलं नाही. पहिल्यांदाच त्या फटीतून काही ऐकू आलं नाही, इतका तो हळू बोलत होता. मग बाईंचा आवाज मात्र स्पष्ट आला, जुना, धारेचा.

“दाखवा.”

“काय?”

“तो धागा. ठेवलाय म्हणालात ना? उद्या दाखवा.”

दुसऱ्या दिवशी तो आधी साहेबांकडे गेला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अहो, आता मिटलंय ना सगळं? माल गेला, पास झाला. कशाला उकरून काढता?” तो म्हणाला, “साहेब, माल पहिल्या दिवशीच पास होता.” साहेब म्हणाले, “होतं असं. जा.” शिक्षा नाही, कानउघाडणीसुद्धा नाही. तो सांगत होता की शिव्या दिल्या असत्या तर चालता तरी आलं असतं. त्या ‘होतं असं’ने पाय जड झाले. पण बाईंना चाचणी खोलीत यायची परवानगी त्याने घेतली.

कपाटातून जुनी जोडतार काढली, टाकीत लावली. झाकण, पंप, दिवे बंद. बाई काचेला डोळा लावून उभ्या. त्याने दाब चढवला.

“दिसलं?”

“थांबा. डोळे सरावू द्या.” मग जरा वेळाने, “हं.”

बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग सरळ उभ्या राहून म्हणाल्या, “आता सगळ्यांना दाखवा.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“ओतकामातल्या. भट्टीवाला. बांधणीवाल्या पोरी. फाटकावरचा तो. ज्यांनी ज्यांनी माझ्या हातांकडे बघितलं, त्या सगळ्यांना.”

आणि त्याने दाखवलं! जेवणाच्या सुटीत चाचणी खोलीबाहेर रांग लागली, जशी एखाद्या जत्रेतल्या दुर्बिणीपुढे लागावी. तीन-चार माणसं आत जायची, दार बंद, अंधार. तो प्रत्येक वेळी तेच वाक्य म्हणायचा, “ही माझी जोडतार. धागा टोपीबाहेर राहिला, तो माझ्या हातून. कॉइली स्वच्छ होत्या.” आणि दाब चढवायचा.

“अय्या, किती छान!”

“कुठे? मला काहीच दिसत नाही.”

“तुझं डोकं बाजूला घे आधी, तुझी वेणीच दिसतेय.”

“एवढ्याशा केसाने बाईंना चिकटपट्ट्या मारायला लावल्या?”

“केसाने गळा कापतात म्हणतात, तो हाच.”

भट्टीवाला म्हणाला, “म्हणजे माझ्या भट्टीने काहीच केलं नाही?” तो म्हणाला, “नाही. माफ करा.” भट्टीवाला खिन्न होऊन गेला, पाठीवरची थाप परत करता येत नाही. पहारेकरी तर दोनदा रांगेत लागला. आणि हा माझा मित्र अंधारात, हात विजेच्या दाबाच्या चाकावर, चढव, उतरव, पुन्हा चढव, प्रत्येक तुकडीला तेच वाक्य. कोणी पाठीवर हात ठेवला नाही, कोणी शिवीही दिली नाही. सगळ्यांना गंमत वाटत होती. त्याच्या चुकीची गंमत. मला वाटतं तेच सगळ्यात जड गेलं असणार.

शेवटच्या तुकडीत मी होतो. भांडार बंद करून यायला उशीर झाला. बाकीचे बघून गेले, दार लोटलं गेलं, आणि आत तो, मी, आणि पहिल्यापासून कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या विहीणबाई. मी तिथे आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणजे पुढचं बोलणं गुप्त ठेवायचं असतं, तर त्यांनी आधी मला बाहेर काढायला हवं होतं. यात माझा काही दोष नाही.

बाई उठल्या, पुन्हा काचेपाशी गेल्या. काचेतून येणारा तो जांभळा उजेड इतका कमी, की त्यात त्यांचं नाकसुद्धा दिसत नव्हतं.

“व्याही.”

“हं.”

“माझ्या कॉइली गेल्या, तेव्हा तुम्हाला बरं वाटलं होतं?”

पंप चालू होता. त्याची घरघर ऐकू येत होती. हे त्याने त्यांना घरी सांगितलं नव्हतं, असं सकाळीच तो मला म्हणाला होता. धाग्याचं सांगितलं होतं, बरं वाटल्याचं नाही. मला वाटलं, नाही म्हणेल. अंधार होता, नाही म्हणणं सोपं होतं. मी त्याच्या जागी असतो तर तीनदा नाही म्हटलं असतं.

“हो,” तो म्हणाला.

“किती?”

“मोजलं नाही.”

“तुम्ही? आणि न मोजता?”

अंधारात त्याचे बूट फरशीवर घासले.

“मला तेव्हाच वाटलं होतं,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं. “साहेबांच्या खोलीतून बाहेर आले, तर तुम्ही समोर उभे. तुम्ही म्हणालात, वाईट झालं. मी मनात म्हटलं, हा माणूस खोटं बोलतोय. मग घरी गेल्यावर मलाच लाज वाटली, म्हटलं माणूस सोयरा आहे, आपण असं कसं मनात आणतो.” जरा थांबून म्हणाल्या, “दिवा लावा आता.”

त्याने दिवा लावला. उजेडात तिघंही एकदम म्हातारे दिसलो. त्याने बाईंकडे बघितलं नाही. बघणं जमण्यासारखं नव्हतं. विजेचा दाब उतरवला, पंप बंद केला, टाकीत हवा सोडायचा नळ थोडासा उघडला. आत हवा शिरायला लागली, सुस्कारा टाकल्यासारखी.

तिथून निघून जाता आलं असतं तर तो गेला असता. पण टाकीत हवा पूर्ण भरल्याशिवाय ते झाकण उघडत नाही. बाहेरची हवा त्याला दाबून धरते, पहिलवान आणला तरी हलत नाही. आणि जोडतार आत ठेवून, टाकी तशी सोडून जायची नाही, हाही त्याचाच नियम. त्यामुळे तो टाकीतली हवा दाखवणाऱ्या तबकडीच्या काट्याकडे बघत उभा राहिला. काटा आपल्या चालीने चढत होता, त्याला काय घाई?

बाईही गेल्या नाहीत. पर्स खांद्याला लावून, त्याच काट्याकडे बघत उभ्या राहिल्या. कोणी कोणाशी बोललं नाही. मीही नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

काटा शेवटच्या खुणेला टेकला. झाकण जड असतं, एरवी तो एकटाच रेटून उचलतो. त्याने एका बाजूने हात घातला.

“थांबा,” बाई म्हणाल्या, आणि दुसरी बाजू धरली. “उचला.”